सोसायटीत ‘जर्मन दिवस’ करायचाय, पण ऑक्टोबरफेस्ट नको. काय करता येईल?

घोडबंदरची_ताई

नमस्कार मंडळी. आमची सोसायटी ठाण्यात घोडबंदर रोडला, आणि मी सध्या सांस्कृतिक समितीत अडकलेय. यंदा नेहमीच्या गणपती-नवरात्राव्यतिरिक्त एक वेगळा कार्यक्रम करायचं ठरलं. शाळेत तिसरी भाषा म्हणून जर्मन घेतलेली बरीच पोरं आमच्याकडे आहेत, दोन घरांतली मुलं तिकडे शिकतायत, आणि संध्याकाळी खाली बाकावर बसणाऱ्या काकांपैकी निम्मे कळव्याच्या नाहीतर कोलशेतच्या जर्मन कंपनीतून रिटायर झालेले. म्हणून ‘जर्मन दिवस’. इथवर सगळे खूश होते.

मग एका उत्साही सभासदाने ऑक्टोबरफेस्टचं नाव काढलं आणि मीटिंग फुटली. एक गट म्हणतो, क्लब हाउसमध्ये बिअरचा स्टॉल लावू, उत्पादन शुल्क खात्याकडून एका दिवसाचा परवाना काढता येतो. दुसरा म्हणतो, जिथे सत्यनारायण घालतो तिथे बिअर? जैन कुटुंबं आहेत, त्यांच्यापुढे सॉसेजचा विषयही काढायची सोय नाही. खजिनदारांनी वही मिटली आणि घरी गेले.

तर बिअर आणि सॉसेज वगळलं, तर जर्मन म्हणून उरतं काय? मुलं दोनेक तास गुंततील, म्हाताऱ्यांना खुर्चीत बसून बघता येईल आणि खर्च आवाक्यात राहील असं सुचवा. तिकडच्या पोशाखातल्या चामड्याच्या चड्ड्या भाड्याने आणून फोटो काढायचा एक प्रस्ताव आहे, तो मी कसाबसा थोपवून धरलाय. रविवारी परत मीटिंग आहे.

कोपरीचा_भाचा

मांडव, ढोल, वर्गणी, दहाच्या ठोक्याला स्पीकर बंद आणि दुसऱ्या दिवशी हिशेबावरून खडाजंगी. ताई, तुम्हाला हे सगळं येतंच की. चड्ड्या आल्या तर फोटो मात्र टाका.

नेरूळच्या_जर्मनबाई

मी नवी मुंबईत जर्मन शिकवते. ऑक्टोबरफेस्टचा आग्रह सोडाच. तो मुळात म्युनिकचा, १८१० साली दक्षिणेतल्या बव्हेरियाच्या युवराजाच्या लग्नानिमित्त सुरू झालेला. उत्तरेकडच्या हँबुर्गच्या माणसाला विचारलंत तर तो खांदे उडवेल.

त्यापेक्षा ११ नोव्हेंबर घ्या, सेंट मार्टिनचा दिवस. मुलं आठ-दहा दिवस आधीपासून शाळेत कागदाचे कंदील करतात आणि त्या संध्याकाळी अंधार पडल्यावर काठीला कंदील लटकवून गाणी म्हणत गल्लीतून फिरतात. पुढे लाल झगा घातलेला घोडेस्वार असतो, तो मार्टिन. हा रोमन सैनिक. थंडीत कुडकुडणारा भिकारी दिसला तेव्हा त्याने तलवारीने आपला झगा कापून अर्धा त्याला दिला, अशी कथा आहे. मिरवणुकीच्या शेवटी शेकोटीजवळ ही कथा मुलं करून दाखवतात. दहा मिनिटांचं नाटुकलं, संवाद जवळपास नाहीतच, त्यामुळे पाठांतराचं लचांड नाही. दिवाळी त्याच सुमारास येते, तुमच्याकडे कंदिलांचा कागद आणि काड्या घरोघरी पडलेल्या असणार. मेणबत्ती लावू नका, सेलवरचे छोटे दिवे घ्या.

खायला बटाट्याचे ‘कार्टोफेलपुफर’. बटाटे-कांदा किसून घट्ट पिळायचे. पाणी लगेच फेकायचं नाही, थोडा वेळ ठेवलं की तळाशी पांढरं सत्त्व बसतं, ते परत किसात घालायचं. मीठ आणि थोडं पीठ घालून पातळ थापून तेलात तळायचे. तिकडे अंडं घालतात, तुम्ही तांदळाचं पीठ घ्या, मोडत नाहीत. सोबत सफरचंद शिजवून घोटलेली गोडसर चटणी. पहिल्या घासाला सगळे नाक मुरडतात, मग वाटी परत पुढे करतात. जैन मंडळींना बटाटा-कांदा चालणार नाही, त्यांच्यासाठी कच्च्या केळ्याचे करा. जर्मन नाहीत, पण चटणी तीच चालते.

घोडा मात्र आणू नका. वरातीचा सवयीचा घोडासुद्धा उरलेल्या लवंगीने बिथरतो.

कळव्याचा_फिटर

ताई, मी कळव्याला सीमेन्समध्ये नोकरी केली. ॲप्रेंटिस म्हणून शिरलो, टूलरूममधून रिटायर झालो. लेक-जावई कॅनडात, ऑन्टारियोमधल्या किचनर गावात. त्यामुळे जर्मनीत पाऊल न ठेवता जर्मन माणूस मी दोन बाजूंनी पाहिलाय. जरा लांबण लागेल, चहा घेऊन बसा.

किचनरलाही ऑक्टोबरफेस्ट होतो, १९६९ पासून, आणि नावाजलेला आहे. बिअर आहेच. पण गाव रस्त्यावर उतरतं ते सोमवारच्या मिरवणुकीला. ऑक्टोबरचा दुसरा सोमवार म्हणजे तिकडे थँक्सगिव्हिंगची सुट्टी. लोक सकाळीच घडीच्या खुर्च्या आणि ब्लँकेटं घेऊन फुटपाथवर जागा धरतात. थंडी अशी की माझे दात वाजत होते आणि शेजारचा नातवंडांना आइस्क्रीम भरवत होता. बँडपथकं, चित्ररथ, आणि ‘ओन्कल हान्स’ नावाचा ढेरपोट्या बाहुला. ह्या हान्सच्या नावाने अन्नपेढीसाठी डबाबंद जिन्नस गोळा करतात. तुमच्या समितीला हे जमण्यासारखं आहे: वर्गणीऐवजी घरटी किलोभर तांदूळ-डाळ, आणि ती गावातल्या एखाद्या आश्रमशाळेला.

मला त्याहून जास्त रस वाटला तो तिथल्या क्लबांत. एक श्वाबेन क्लब, एक ट्रान्सिल्व्हेनिया क्लब, एक कॉन्कॉर्डिया. नावं वाचून मी जावयाला म्हटलं, ट्रान्सिल्व्हेनिया तर रोमानियात! तेच तर. ह्यातले पुष्कळ लोक जर्मनीचे नाहीतच. त्यांचे पूर्वज शेकडो वर्षांपूर्वी हंगेरी, रोमानिया, युगोस्लाव्हियात जाऊन वसलेले. दुसऱ्या महायुद्धानंतर तिथून उखडले गेले आणि त्यातले काही कॅनडात आले. त्यांच्याही आधी, एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला, अमेरिकेतल्या पेन्सिल्व्हेनियातून जर्मन बोलणारे मेनोनाइट, म्हणजे एका ख्रिस्ती पंथाचे, शेतकरी आले. त्यांच्यातले जुन्या वळणाचे लोक अजून घोडागाडीने बाजाराला येतात, ती गाडी मॉलच्या पार्किंगमध्ये उभी असते. म्हणजे तिथे जर्मन वारसा एक नाहीच, प्रत्येकाचं गाठोडं वेगळं.

आणि गावाचं नाव बघा. १९१६ पर्यंत त्याचं नाव बर्लिन होतं. पहिलं महायुद्ध पेटलं तसे शेजारपाजारचे संशयाने बघू लागले. १९१४ मध्येच जर्मन सम्राट कैसर विल्हेल्म पहिला ह्याचा अर्धपुतळा बागेतून उपटून तळ्यात फेकला. तो काढून कॉन्कॉर्डिया क्लबात ठेवला, तर १९१६ मध्ये सैनिकांनी क्लब फोडून तिथूनही पळवला, तो पुन्हा काही सापडला नाही. त्याच वर्षी नाव बदलायला मतदान झालं: १५६९ विरुद्ध १४८८. नवं नाव कुठलं, ह्यासाठी पुन्हा मतदान, त्याला माणसंच फिरकली नाहीत, ‘किचनर’ला जेमतेम ३४६ मतं पडली. हा किचनर म्हणजे हिंदुस्थानात सरसेनापती असताना कर्झनशी भांडला तोच. तर अशा गावाने अर्धं शतक उलटल्यावर बव्हेरियन टोपी घालून मिरवणूक काढायला सुरुवात केली. बव्हेरियाशी त्यांच्यातल्या पुष्कळांचा संबंध नाही. पर्यटक येतात, दुकानं चालतात, ते ठीक. मला मात्र मिरवणुकीपेक्षा क्लबाच्या भिंतीवरचे जुन्या गावांचे फोटो जास्त आवडले.

आता ठाणे. तुमच्या बाकावरचे काका हाच तुमचा जर्मन वारसा आहे, त्यांना श्रोते म्हणून बसवू नका. मी ॲप्रेंटिस होतो तेव्हा सुरुवातीचे कित्येक दिवस एकच काम: माइल्ड स्टीलचा तुकडा बेंच वाइसमध्ये, म्हणजे टेबलाला बसवलेल्या शिकंज्यात, धरायचा आणि फाइल, म्हणजे कानस, मारायची. मशीनला हात लावायचा नाही. थोडं घासलं की तुकडा काढायचा, गुण्या (काटकोन तपासायचं साधन) लावायचा आणि ट्यूबलाइटच्या दिशेने धरायचा. गुण्या आणि तुकडा ह्यांच्या मधून उजेडाची केसाएवढी रेघ दिसली की परत वाइसमध्ये. मग सरफेस प्लेटला, म्हणजे अगदी सपाट लोखंडी पाटाला, निळा रंग फासायचा, तुकडा त्यावर अलगद फिरवायचा, जिथे निळा लागला तो उंचवटा, तेवढाच घासायचा. (तो निळा, प्रशियन ब्लू, मुळात बर्लिनला सापडलेला, १७०६ च्या सुमारास.) आमचे मास्तर मराठीच, पण जर्मनीत शिकून आलेले. रागवायचे नाहीत. तुकडा उजेडाला धरायचे आणि काही न बोलता परत आपल्या हातात ठेवायचे. त्यापेक्षा दोन शिव्या परवडल्या असत्या.

हे टेबल मांडा. दोन वाइस, चार फाइली, गुण्या, व्हर्नियर (बारीक माप घ्यायचं साधन), पितळेचे किंवा ॲल्युमिनियमचे तुकडे, कारण स्टीलला पोरांचे हात दुखतील. डोळ्यांना गॉगल सक्तीचा. कोलशेतवाले बायर ह्या औषधं-रसायनांच्या कंपनीचे असतील, तर त्यांनाही एक टेबल द्या. ती कंपनी १८९६ पासून हिंदुस्थानात आहे, आणि कोलशेत रोडला जिथे त्यांचा कारखाना होता तिथे आता टॉवर उभे आहेत हे तुमच्या पोरांना माहीतही नसेल.

तीन_हात_नाका

सगळं छान आहे हो काका, पण आपले पाडव्याचे, मंगळागौरीचे खेळ पोरांना येत नाहीत आणि जर्मन कंदील कशाला? कंपनीने पगार दिला, आपण काम केलं. ह्यात वारसा कुठला आला? उद्या कोरियन दिवस कराल.

कौलारू

@तीन_हात_नाका, गावाकडे कौलारू घर आहे का? असेल तर मे महिन्यात कौलं शाकारताना एखादं जुनं कौल उलटं करून बघा. माझ्या आजोळी, शहापूरजवळ, माळ्यावर ठेवलेल्या जुन्या कौलांवर इंग्रजीत ‘बासेल मिशन’ असा ठसा आहे. ज्याला आपण मंगलोरी कौल म्हणतो, त्याचा पहिला कारखाना जॉर्ज प्लेब्स्ट ह्या जर्मन मिशनऱ्याने मंगळूरला १८६५ मध्ये काढला. मिशन स्वित्झर्लंडच्या बाझलचं, माणसं बरीचशी दक्षिण जर्मनीची. आधीची आपली नळीची कौलं हाताने थापलेली, दरवर्षी माकडांनी आणि वाऱ्याने हलायची. ह्या चपट्या कौलाला कडेला खाच असते, एकात एक अडकतं, वजन कमी, लाकूड कमी लागतं. म्हणून ती कोकणभर पसरली. आपल्या आज्यांनी पाऊस त्याखाली काढला आणि कोणाला ते परकं वाटलं नाही.

फिटरकाकांनी १९१६ चं सांगितलं म्हणून पुढचं: त्याच युद्धात इंग्रजांनी मिशनचे हे कारखाने शत्रूची मालमत्ता म्हणून काढून घेतले, आणि हिंदुस्थानातल्या जर्मनांना पकडून तेव्हाच्या अहमदनगरच्या छावणीत ठेवलं. म्हणजे किचनरचं लोण इथेही आलं होतं.

मंगळागौरीचं म्हणणं मान्य आहे. पण ती श्रावणात असते, नोव्हेंबरात तिची जागा कोणी अडवत नाहीये.

तीन_हात_नाका

कौलाचं माहीत नव्हतं. बरं, कंदील करा. पण कोरियन दिवसाला मी येणार नाही.

घोडबंदरची_ताई

बापरे, एवढं येईल असं वाटलं नव्हतं. मीटिंग झाली. कंदील मंजूर, मार्टिनचं नाटुकलं मंजूर. घोड्याऐवजी एका सभासदाच्या स्कूटीला लाल शाल घालायचं ठरलंय. जर्मनबाई, माफ करा, पोरांनी हट्टच धरला. पुफर तळायला तीन जणी तयार आहेत. कंदिलाचा कागद जांभळी नाक्याहून ठोकात आणतोय. कौलारू, एक कौल उसनं मिळेल का? परत करू, लेखी देते.

बिअरवाल्यांनी शेवटपर्यंत किल्ला लढवला, मग खजिनदारांनी परवान्याचा, सिक्युरिटीचा आणि दुसऱ्या दिवशीच्या साफसफाईचा खर्च वाचून दाखवला. त्यांना आता आलं घालून सफरचंदाचा गरम रस मिळेल.

खरी गंमत काकांची. फिटरकाका, तुमचा मजकूर मी मोठ्याने वाचला तर आमच्या बाकावरचे एक काका उठले, घरी गेले आणि जुन्या बनियनमध्ये गुंडाळलेला स्वतःचा ॲप्रेंटिसचा तुकडा घेऊन आले. काकूंना माहीतच नव्हतं की तो घरात आहे. त्यांनी लगेच विचारलं, आणखी काय काय लपवलंय. आता चार काका टेबल मांडायला तयार आहेत आणि कुठल्या फाइलीने सुरुवात करायची ह्यावरून त्यांच्यात वाद चालू आहे. एकच अडचण: वाइस कशावर बसवायचा? क्लब हाउसमध्ये टेबल टेनिसचं टेबल आहे.

नेरूळच्या_जर्मनबाई

स्कूटी चालेल. मार्टिनने हेल्मेट घालावं.

कळव्याचा_फिटर

टेबल टेनिसच्या टेबलाला हात लावू नका, पहिल्या फाइलीला डुगडुगेल आणि दुसऱ्या दिवशी पोरांचे आईबाप तुमच्या दारात. सुताराकडून दोन इंची जाड फळी घ्या, लोखंडी घोड्यांवर ठेवा, वाइसला चार नटबोल्ट आरपार, खाली वॉशर. वाइसचा माथा उभ्या माणसाच्या कोपराला यायला हवा, पोरांसाठी पायाखाली पाट द्या. आणि फाइलीच्या वादाचं म्हणाल तर आधी बास्टर्ड म्हणजे जाड दातांची, मग सेकंड कट म्हणजे मध्यम, शेवटी स्मूथ म्हणजे बारीक. ह्यात वाद घालणारा काका स्टोअर्समधला असणार, विचारून बघा.