मदत हवी आहे: नर्सेसना एव्हिडन्स बेस्ड प्रॅक्टिस शिकवायला खेळ सुचवा (तातडीने)

रात्रपाळी
स्टाफ नर्सेससाठी ईबीपीचं, म्हणजे सवयीने नव्हे तर संशोधनाचा पुरावा बघून काम करण्याचं, सत्र घ्यायचंय. स्लाइड्स लावल्या की माना डुलायला लागतात, म्हणून या वेळी खेळातून शिकवायचं असं वरून ठरलंय. ठरवणारे वेगळे, करणारी मी. तयार खेळ आहे का कोणाकडे? पत्ते, बोर्ड, काहीही चालेल. पुढच्या आठवड्यात हवाय. ‘गूगल करा’ म्हणू नका, केलंय.

निरीक्षक
किती जणी? वेळ किती? आणि ईबीपीतलं नेमकं काय शिकवायचंय? प्रश्न मांडणं, पुरावा शोधणं, पारखणं, वापरणं, परिणाम तपासणं अशा पाच पायऱ्या आहेत. पाचही एका बैठकीत उरकायच्या असतील तर देव तुमचं भलं करो.

टिचकी
कहूट करा, ते फोनवरचं प्रश्नमंजूषेचं अ‍ॅप, विषय संपला. लीडरबोर्ड दिसला की पेंगणारेही ताठ बसतात. अनुभवाचे बोल.

रात्रपाळी
अहो, ड्यूटीवर फोन लॉकरमध्ये असतात, हेही सांगायला हवं का? आणि प्रश्नमंजूषा नकोच आहे. प्रश्न मांडायचा साचा, पिको, सगळ्यांना तोंडपाठ आहे: रुग्ण, उपाय, तुलना, परिणाम. वॉर्डात पाऊल टाकलं की मात्र ‘आपल्याकडे असंच करतात’.

निरीक्षक
हे आधी लिहायचं ना! म्हणजे गाडी अडलीय ती पारखण्यावर आणि वापरण्यावर. किती जणी, किती वेळ, हे अजून कळलं नाही.

रात्रपाळी
वीसेक. पाऊण तास, हँडओव्हर झाल्यावर. म्हणजे रात्रभर जागलेल्याही असणार.

कुलूपकिल्ली
एस्केप रूम, म्हणजे कोडी सोडवत कुलपं उघडायची! खोली लागत नाही, चार कुलपं लावलेली पेटी पुरते. पहिल्या पाकिटात रुग्णाची गोष्ट, त्यातून पिको जुळवला की पहिला आकडा. मग ‘अँड’ आणि ‘ऑर’चे पत्ते लावून शोधवाक्य, त्यातून दुसरा. मग शोधनिबंधांचे सारांश पुराव्याच्या उतरंडीत, म्हणजे जास्त भरवशाचा वर, कमी भरवशाचा खाली, असे लावायचे. आम्ही केलं तेव्हा जाम मजा आली.

जुनाखोड
मजा आली, पण शिकलं कोण? असल्या पेट्या पाहिल्यात. दोघी आकडे फिरवतात, बाकीच्या गप्पा मारतात. चांगला जर्नल क्लब चालवा, एक निबंध नीट वाचा. फ्लॉरेन्स नाइटिंगेलबाईंना क्रिमियाच्या युद्धाहून आल्यावर सैनिकांच्या मृत्यूंची कारणं पटवून द्यायला पेट्या लागल्या नाहीत.

कुलूपकिल्ली
काका, आकड्यांचे तक्ते कोणी वाचणार नाही म्हणूनच तर बाईंनी १८५८ मध्ये ती रंगीत पाकळ्यांची आकृती छापली. तुमचंच उदाहरण माझ्या बाजूचं निघालं.

वाटसरू
माझी भाची यंदा नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. परदेशातल्या परीक्षेसाठी कोणता क्लास चांगला?

निरीक्षक
वाटसरू, वेगळा धागा काढा.

शिरजोर
मी संसर्ग नियंत्रणात काम करते. रात्रपाळी, वॉर्डातला भांडणाचा विषय घ्या, खेळ आपोआप रंगतो. माझा आवडता: हाताची कॅन्युला, म्हणजे सलाइनसाठी शिरेत घातलेली नळी, ठरलेल्या दिवशी बदलायची, की सूज, दुखणं, गळती अशी कारणं दिसल्यावरच? २०१२ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडच्या तीन रुग्णालयांतली रँडमाइज्ड ट्रायल, म्हणजे कोण कुठल्या गटात हे चिठ्ठी टाकल्यासारखं ठरवलेली चाचणी, आली, ३२८३ रुग्णांची. एका गटात दर तिसऱ्या दिवशी बदल, दुसऱ्यात गरजेनुसार. शीर सुजण्याचं प्रमाण दोन्हीकडे ७ टक्के.

टिचकी
म्हणजे उगाच टोचाटोची चालू आहे. बंद करा की.

जुनाखोड
हेच ते! एक निबंध वाचला की निघाले नियम बदलायला. कॅन्युला विसरून पाचव्या दिवशी लालबुंद झालेला हात पाहिलाय का कधी?

टिचकी
तुम्ही एक हात पाहिलात, त्यांनी तीन हजारांवर पाहिलेत.

शिरजोर
थांबा, पुढचा भाग बाकी आहे. जिनिव्हाच्या विद्यापीठ रुग्णालयांनी ‘गरजेनुसार’ धोरण लागू केलं आणि कॅन्युलामुळे होणारे रक्तातले संसर्ग वाढले. मूळ आकडे लहानच होते, पण वाढ स्पष्ट होती, म्हणून त्यांनी धोरण मागे घेतलं. हा अभ्यास २०२१ मध्ये छापून आला, चार लाखांहून जास्त कॅन्युलांचा.

टिचकी
पण तो रँडमाइज्ड नव्हता ना? आधी-नंतरची तुलना. उतरंडीत खालीच.

जुनाखोड
उतरंड पाठ करून बसलात. रक्तातला संसर्ग इतका क्वचित होतो की तीन हजारांच्या ट्रायलमध्ये त्यातला फरक दिसणारच नाही. शिवाय ट्रायलमध्ये कॅन्युला रोज कोणीतरी बघत असतं. तुमच्या वॉर्डात कोण बघतं?

निरीक्षक
रात्रपाळी, हाच तुमचा खेळ. कॅन्युलाचा वरचा वाद चार पत्त्यांवर उतरवा. चार-चार जणींचे गट. पहिल्या पत्त्यावर फक्त रुग्ण. प्रत्येकीने निर्णय कागदावर लिहून पालथा ठेवायचा. हे महत्त्वाचं, नाहीतर सीनियर सिस्टर बोलली की सगळ्या माना हलवतात. मग ट्रायलचा पत्ता, पुन्हा निर्णय. मग जिनिव्हाचा, पुन्हा निर्णय. शेवटच्या पत्त्यावर वॉर्डाची परिस्थिती: रात्री एकच नर्स, कॅन्युलाची नोंदवही अर्धवट. गुण बरोबर उत्तराला द्यायचे नाहीत. मत का बदललं किंवा का नाही, हे पुराव्याकडे बोट दाखवून सांगेल तिला. आणि पाऊण तासातली शेवटची पंधरा मिनिटं चर्चेला राखा. खेळ लांबला तर एक पत्ता गाळा, चर्चा गाळू नका.

कुलूपकिल्ली
पालथे कागद आवडले. पण एखादं तरी कुलूप ठेवा हो.

शिरजोर
कुलूप नको. सुरुवातीला एक सोपी फेरी घ्या, जिथे पुरावा एकाच दिशेला जातो. उदा. नाकातली नळी पोटात आहे का हे हवा ढकलून स्टेथोस्कोपने ऐकणं. ती पद्धत भरवशाची नाही; ओढलेल्या द्रवाचा पीएच, म्हणजे आम्लता, बघतात, शंका असेल तर एक्स-रे. किंवा ऑपरेशनआधी वस्तऱ्याने केस काढणं: जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१६ च्या मार्गदर्शनात ते नकोच, काढणं भागच असेल तर क्लिपर, म्हणजे केस कापायचं यंत्र. सगळ्यांनाच अवघड पत्ता आधी दिला तर ‘संशोधनवाल्यांचंच एकमत नाही’ म्हणून सुटतील.

रात्रपाळी
हे जमेल. आभार. आता वरून विचारलंय, ‘शिकल्या हे कशावरून?’ फीडबॅक फॉर्म पुरेल ना?

जुनाखोड
‘मजा आली’ला पाचपैकी पाच मिळतील, बस्स. खेळात नसलेली नवी केस द्या, त्यावर पिको आणि निर्णयाचं कारण लिहून घ्या. आधी एकदा, नंतर एकदा. महिन्याने वॉर्डात जाऊन कॅन्युलाची नोंदवही बघा.

निरीक्षक
जुनाखोडांशी सहमत. तारीख लिहून ठेवावी लागेल.

टिचकी
नंतरची चाचणी कहूटवर घेता येईल.

रात्रपाळी
फोन. लॉकरमध्ये. असतात.

वाटसरू
नवा धागा कुठून काढायचा?