सोडियमचा पिवळा प्रकाश: स्प्रिंगला बांधलेला इलेक्ट्रॉन की ऊर्जापातळ्या?

प्रश्न:
मी भौतिकशास्त्राच्या पदवीच्या शेवटच्या वर्षाला आहे. प्रयोगशाळेत सोडियमच्या दिव्याच्या ५८९.० आणि ५८९.६ नॅनोमीटरच्या दोन पिवळ्या रेषा, दुर्बिणीतली उभी तार नेमकी त्यांच्यावर आणून, मी स्वतः मोजल्या. प्रकाशिकीच्या पुस्तकात भौतिकशास्त्रज्ञ लॉरेंट्झ यांच्या पद्धतीने इलेक्ट्रॉन स्प्रिंगला बांधलेला आहे असे धरून वक्रीभवनांक काढला आहे. क्वांटमच्या तासाला मात्र त्या स्प्रिंगचे नावही निघत नाही. स्प्रिंग मुळात नसेलच, तर तिच्यावरून काढलेली उत्तरे बरोबर कशी येतात?

पहिले उत्तर:
स्प्रिंग नाही, पण झुलणे खरे आहे. अणू तळाची आणि वरची अशा दोन ऊर्जापातळ्यांच्या मिश्र अवस्थेत असतो, तेव्हा केंद्रकाभोवतीचा इलेक्ट्रॉनचा ढग एकदा इकडे, एकदा तिकडे सरकतो, आणि या झुलण्याची वारंवारता म्हणजे त्या पातळ्यांमधील ऊर्जेचा फरक भागिले प्लांकचा स्थिरांक. प्रकाश मंद असेल, तर या ढगाचे समीकरण स्प्रिंगच्या समीकरणाच्याच रूपाचे निघते. सोडियममध्ये हे फार सुंदर दिसते: अभिजात, म्हणजे क्वांटमपूर्व, सूत्रानुसार झुलणाऱ्या इलेक्ट्रॉनची ऊर्जा ओसरण्याचा काळ सुमारे १५.६ नॅनोसेकंद येतो, आणि उत्तेजित, म्हणजे वरच्या पातळीतल्या, अणूचे मोजलेले सरासरी आयुष्य सुमारे १६.२ नॅनोसेकंद आहे. सगळेच अणू इतके सरळ वागत नाहीत, हे मात्र लक्षात ठेवावे.

दुसरे उत्तर:
वरील उत्तराशी मी सहमत आहे, पण मर्यादाही सांगायला हवी. स्प्रिंग जितकी हलवाल तितकी अधिक झुलते. दोन पातळ्यांचा अणू तसा नाही. लेसर कितीही प्रखर केला, तरी सरासरीने निम्म्याहून अधिक काळ तो वरच्या पातळीत राहत नाही, त्यामुळे सोडियमचा एक अणू सेकंदाला फार तर सुमारे ३ कोटी फोटॉन (प्रकाशाचे कण) बाहेर टाकू शकतो. शिवाय एक फोटॉन सोडला की अणू तळाला येतो आणि पुन्हा वर चढेपर्यंत दुसरा सोडूच शकत नाही. किंबल, दाजने आणि मँडेल या भौतिकशास्त्रज्ञांनी १९७७ मध्ये सोडियमच्याच अणुझोतावर हे दाखवले. अभिजात तरंगांच्या कोणत्याही हिशेबात ते बसत नाही.

प्रश्नकर्ता:
आभारी आहे. मग रेषा दोन का, हे स्प्रिंग सांगू शकते का?

पहिले उत्तर देणारा:
नाही. स्प्रिंगची वारंवारता आपण प्रयोगातून घेऊन समीकरणात घालतो; ती तीच का, हे पातळ्याच सांगतात. तुम्ही मोजलेले ०.६ नॅनोमीटरचे अंतर इलेक्ट्रॉनचे फिरकी (स्पिन) आणि कक्षीय कोनीय संवेग एकमेकांशी जोडले गेल्यामुळे, वरची पातळी दुभंगून आलेले आहे.