दीड-दोन वर्षांचं लेकरू अन् सिंगापूरची वारी : माहिती असेल ते इथं लिहा

मृगधारा, दर्यापूर
आज पोस्टमननं शेजारच्या दीड वर्षाच्या पोरीचा पासपोर्ट आणून दिला अन् सारी गल्ली तो एवढासा फोटो पाहायला गोळा झाली. मागचं सगळं आठवलं. एजंट तिकीट-हॉटेल करून देतो, पण लेकराचं दूध, झोप, कान, लंगोट हे त्याच्या यादीत नसतं. गावाकडून निघणाऱ्याला उपयोगी पडेल ते इथं टाका. सिंगापूरच धरू, आपल्याकडची बरीच मंडळी पहिल्यांदा तिकडंच जातात.

फोटोपासून सुरू करते, पहिली फेरी तिथंच वाया जाते. चार वर्षांखालच्या लेकराचा फोटो आपणच पासपोर्ट केंद्रावर न्यायचा असतो : ४.५ × ३.५ सेंमी, मागं पांढरं. लेकरू उभं राहत नाही, मांडीवर घेतलं की आपला हात फोटोत येतो. म्हणून पांढरी चादर सतरंजीवर ताणून अंथरा. सुरकुती राहू देऊ नका, तिची सावली पडते. उघड्या दाराजवळ सकाळच्या उजेडात लेकराला उताणं निजवा अन् मोबाईल बरोबर तोंडाच्या वर आडवा धरा. फ्लॅश बंद. गालाची तीट आणि काजळ आधी पुसा. डोळे उघडे, तोंड मिटलेलं पाहिजे. खुळखुळा मोबाईलच्या अगदी मागे वाजवा, बाजूला वाजवला तर मान वळते.

दाखलेवाले काका, आर्वी
१ ऑक्टोबर २०२३ नंतर जन्मलेल्या लेकराला पासपोर्टसाठी जन्मतारखेचा पुरावा म्हणून जन्मदाखलाच चालतो. घोटाळा होतो तो नावाचा. बाळंतपणानंतर लगेच नोंद होते तेव्हा नाव ठरलेलं नसतं, रकाना कोराच राहतो. ग्रामपंचायतीतून आधी नाव चढवून घ्या. आईचं नाव दाखल्यावर माहेरचं अन् पासपोर्टावर सासरचं, हा दुसरा घोळ. विवाह नोंदणीचा दाखला सोबत असू द्या. अर्जासोबत परिशिष्ट 'ड' (Annexure D, आई-बापाचं घोषणापत्र), त्यावर दोघांच्या सह्या. फी १००० रुपये, आठ वर्षांखालच्यांना १० टक्के सूट, म्हणजे ९००. मुदत ५ वर्षं. लेकराला केंद्रावर न्यावंच लागतं.

वऱ्हाडी चूल, अचलपूर
सगळ्यात आधी हे वाचा. खसखस नेऊ नका. सिंगापूरले खसखशीवर बंदी हाये, दुबईलेही. अन् आपल्या घरात खसखस कुठं कुठं असते हे ध्यानातच येत नाई : डिंकाचे लाडू, अनारसे, सावजी मसाला, बाळंतिणीचा उरलेला खाऊ. आजी प्रेमानं डब्यात भरून देते. डबा भरताना स्वतः जवळ उभ्या राहा. च्युइंगमही सिंगापूरले चालत नाई. अन् सुक्या खोबऱ्याची अख्खी वाटी विमानाच्या सामानात घेत नाईत, तेल असते म्हणून पेट धरते.

संत्र्याचा मळा, वरूड
बाप्पा! अनारशाचं खरंच डोक्यात आलं नसतं. काकू, उपकार झाले.

पुसदची सिस्टर
औषधाचं लिहिते, इथं चूक महागात पडते. तापाचं पॅरासिटामॉल एकाच रंगाच्या बाटलीत वेगवेगळ्या ताकदीचं मिळतं. एका वेळची मात्रा वजनाच्या किलोला १५ मिग्रॅ. १२ किलोच्या लेकराला १८० मिग्रॅ. बाटलीवर '५ मिलीत १२० मिग्रॅ' असेल तर ते ७.५ मिली, '५ मिलीत २५० मिग्रॅ' असेल तर फक्त ३.६ मिली. थेंबवाली बाटली तर १ मिलीत १०० मिग्रॅची असते, ती चमच्यानं कधीच देऊ नका. निघायच्या आठवड्यात वजन करा, डॉक्टरांकडून मात्रा मिलीमध्ये लिहून घ्या अन् ती चिठ्ठी बाटलीलाच रबरानं बांधा. मोजायला सुई नसलेली पिचकारी न्या.

ओआरएसचं मोठं पुडकं १ लिटरला, लहान २०० मिलीला. पुडकं वाचूनच पाणी घ्या. मोठं पुडकं पेलाभर पाण्यात कालवलं तर मीठ जास्त होऊन लेकराला अपाय होतो.

आणि विमानात झोपावं म्हणून सर्दीचं औषध पाजायची पद्धत आहे, ती सोडा. क्लोरफेनिरामाइन-फिनाइलेफ्रिनचं मिश्रण चार वर्षांखाली देऊ नये असं बाटलीवर छापायचं २०२३ च्या डिसेंबरातच सरकारनं सांगितलं आहे.

मृगधारा, दर्यापूर
सिस्टर, चिठ्ठी बाटलीला बांधायचं फारच छान. कानाचंही सांगा ना.

पुसदची सिस्टर
कान चढताना कमी आणि उतरताना जास्त दुखतो. उतरताना बाहेरचा दाब वाढतो अन् कानाच्या आतली नळी गिळल्याशिवाय उघडत नाही. विमान टेकायच्या साधारण अर्धा तास आधी खाली यायला लागतं. तेव्हा झोपलेलं असेल तर उठवा, अंगावर घ्या किंवा बाटली, वाटी-चमचा, जे घेत असेल ते द्या. एकदम सगळं पाजू नका, घोट-घोट पुरवा. नाक चोंदलेलं असेल तर मिठाच्या पाण्याचे थेंब त्याच्या जरा आधी. जोराची सर्दी किंवा कान फुटलेला असेल तर निघायच्या आधी डॉक्टरांना दाखवाच.

समृद्धीवरून, हिंगणघाट
मुंबईपर्यंत कसं जाता हेही लिहा राजेहो. समृद्धी ५ जून २०२५ पासून पूर्ण सुरू झाली, ७०१ किमी. पण लेकराले सलग बसवून आणू नका, दर दोन तासांनी उतरवा. एकसारखा सरळ रस्ता, मोठ्यायलेही डुलकी येते.

बडनेरा जंक्शन
त्यापेक्षा रात्रीची रेल्वे बरी. विदर्भ एक्स्प्रेस असो का अमरावतीची, लेकरू झोपेतच मुंबईला पोचतं. खालचा बर्थ घ्या, लेकरू भिंतीकडून, पाठीमागं घडी केलेलं पांघरूण. विमान रात्रीचं असेल तर दिवसभर फलाटावर काढू नका, थोड्या तासांची का होईना खोली घ्या.

समृद्धीवरून, हिंगणघाट
हाव, ते बरोबर. आता कापसाच्या दिवसांत तिकीट भेटलं पाह्यजे फक्त 🙏

छत्रीगाडी, चांदूर रेल्वे
जाड चाकांची बाबागाडी नको, छत्रीसारखी मिटणारी घ्या. विमानाच्या दारापर्यंत चालते, पण चेक-इनला तिच्यावर पट्टी लावून घ्यायला विसरू नका. उतरल्यावर दारात मिळेल का सामानाच्या पट्ट्यावर, हे हवाईसुंदरीला आधीच विचारा. नाही तर झोपलेलं पोर खांद्यावर घेऊन लांब चालावं लागतं. पावसाचं प्लास्टिक पाहिजेच, तिकडं दुपारी सर कधीही येते.

तिकिटाचं : दोन वर्षांखाली मांडीवर चालतं. पण परतीच्या आधी दुसरा वाढदिवस येत असेल तर येताना त्याला वेगळी जागा घ्यावी लागते. तारीख मोजा, मग बुकिंग करा.

सातूची आठवण, मोर्शी
दूध १०० मिलीपेक्षा जास्त असलं तरी प्रवासात लागेल इतकं नेता येतं, तपासणीत पिशवीतून काढून दाखवायचं. कोरड्याला तर काहीच अडचण नाही, म्हणून सातू. गहू दोन वाट्या पाण्याचा हात लावून कांडायचे, वाळवायचे, खमंग भाजायचे, फुटाण्याची डाळ एक वाटी, थोडं जिरं, सगळं एकत्र दळायचं. पीठ पूर्ण गार झाल्याशिवाय पिशवीत भरू नका, आत वाफ धरते, गुठळ्या होतात अन् चार दिवसांत खवट वास. तीन चमचे सातू, एक चमचा गुळाची पूड, अर्धी वाटी पाणी. शिजवायचं नाही, म्हणून हॉटेलच्या किटलीशी खटपट नाही. सिंगापूरला नळाचं पाणी पिण्याजोगं असतं.

वऱ्हाडी चूल, अचलपूर
सातूत चिमूटभर सुंठ घाला व ताई.

सातूची आठवण, मोर्शी
हो काकू, पण दीड वर्षाच्याला अगदी कणभर.

लिटल इंडियाचा भाचा
इथं सिंगापूरला सहा वर्षं आहे, म्हणून फिरायचं मी लिहितो. वेळ आपल्यापेक्षा अडीच तास पुढं. गावाला ९ ला झोपणारं लेकरू इथं साडेअकरापर्यंत टक्क जागं राहतं. लोक पहिल्याच दिवशी ते मोडायला जातात अन् सगळेच रडकुंडीला येतात. मोडू नका, वापरून घ्या. नाइट सफारी ७:१५ ला सुरू होते, तेव्हा लेकराच्या घड्याळात पावणेपाच! गार्डन्स बाय द बे या मोठ्या बागेतला दिव्यांचा खेळ ७:४५ आणि ८:४५ ला, बाहेरून पाहायला पैसे नाहीत. लहान मुलांची बागही तिथंच आहे, पाण्याची कारंजी, फुकट, सोमवारी बंद. कपड्यांचा दुसरा जोड न्या. प्राणिसंग्रहालय ३ वर्षांखाली मोफत.

मेट्रोत ०.९ मीटरखालचं लेकरू मोठ्यासोबत फुकट. घरी दाराच्या चौकटीवर ९० सेंमीची खूण करून पाहा. गाडीत खाणं-पिणं चालत नाही, पाणीसुद्धा. दंड ५०० सिंगापूर डॉलरपर्यंत. म्हणून फलाटावर यायच्या आधी पाजून घ्या. प्रत्येक स्थानकात लिफ्ट आहे.

अॅपवरून बोलावलेल्या खासगी गाडीत १.३५ मीटरखालच्या मुलाला त्याची खास सीट लागते. नेहमीच्या टॅक्सीला त्यातून सूट आहे, तरी कुशीत घट्ट धरा. ॲम्ब्युलन्स ९९५, पोलीस ९९९.

संत्र्याचा मळा, वरूड
दादा, व्हिसा झाला की अजून काही भरावं लागते का?

लिटल इंडियाचा भाचा
अरायव्हल कार्ड. पोचायच्या दिवसासकट तीन दिवसांच्या आत, ऑनलाइन, प्रत्येकाचं वेगळं, तान्ह्याचंही. ते मोफत आहे. पैसे मागणारी साइट उघडली तर बंद करा, ती सरकारी नाही. पासपोर्टाची मुदत सहा महिने उरलेली पाहिजे.

संत्र्याचा मळा, वरूड
अन् चार्जर?

छत्रीगाडी, चांदूर रेल्वे
तिकडं तीन चपट्या चौकोनी पिनांचं सॉकेट. अडॅप्टर मुंबईतच घ्या. पॉवर बँक हातातल्या पिशवीत, मोठ्या बॅगेत टाकली तर बॅग उघडायला बोलावतात.