‘हिल स्ट्रीट ब्लूज’ पुन्हा पाहताना: मळकट चित्र हा तबकडीचा दोष की मालिकेचा स्वभाव?

जुनी पेटी (प्रश्न)

१९८६ च्या उन्हाळ्यात मी न्यू जर्सीला थोरल्या बहिणीकडे तीन महिने राहिलो होतो. गुरुवारी रात्री दहाच्या सुमारास भावोजी एनबीसी या अमेरिकी वाहिनीवर ‘हिल स्ट्रीट ब्लूज’ ही पोलीस मालिका लावत आणि त्यानंतर तासभर घरात कोणी बोललेले त्यांना खपत नसे. माझे इंग्रजी व्याकरणाच्या पुस्तकातले असल्यामुळे त्या पोलीस ठाण्यात एकाच वेळी चाललेली चार-चार संभाषणे मला निम्मीही कळत नसत. परंतु पियानोवरची ती सुरुवातीची धून आणि ठाण्याच्या गॅरेजमधून बाहेर पडणाऱ्या गाड्या मनात कायमच्या घर करून राहिल्या. यंदा भाच्याने सातही पर्वांचा डीव्हीडी संच तिकडून आणून दिला. प्लेअर सर्व विभागांच्या तबकड्या चालवणारा असल्याने त्या बाबतीत अडचण आली नाही. अडचण आली ती पहिला भाग लावल्यावर.

चित्र तपकिरी आणि रवाळ दिसते, जणू चहाच्या गाळणीतून पाहत आहोत. कॅमेरा हलतो, मुख्य पात्र बोलत असताना मध्येच कोणीतरी पाठमोरे त्याच्यापुढून जाते, आणि ज्याचे वाक्य ऐकायचे त्याच्या आवाजावर मागच्या टेबलावरच्या टंकयंत्राचा, टेलिफोनचा आणि भांडणाचा आवाज चढतो. त्यातच सर्वांचे चेहरे गालगुंड झाल्यासारखे रुंद दिसतात. आवाज वाढवला तर गोंगाट वाढतो आणि कमी केला तर काहीच ऐकू येत नाही. हा माझ्या संचाचा दोष समजावा काय? आणि दुसरे असे, की भाच्याच्या मते शनिवार-रविवारात एक अख्खे पर्व उरकून टाकावे. तुम्हा जाणकारांचा अनुभव काय आहे?

तिरपा कोन

तुम्ही चार निरनिराळ्या तक्रारी एकाच गाठोड्यात बांधल्या आहेत, त्या आधी सोडवून घेऊ. रुंद गाल हा केवळ तुमच्या दूरचित्रवाणी संचाचा प्रताप आहे. ही मालिका चारास तीन या प्रमाणाच्या चौकटीसाठी चित्रित झाली आहे आणि तुमचा संच ती ताणून सोळास नऊमध्ये बसवतो आहे. रिमोटवर चित्राचे प्रमाण मूळ ठेवण्याची सोय असते. दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या आल्या की ती लागू झाली असे समजावे आणि त्या पट्ट्यांचा राग मानू नये. त्याच यादीत हालचाल गुळगुळीत करणारी सोय असेल तीही बंद करा, कारण हातात धरलेल्या कॅमेऱ्याच्या चित्रणावर ती चालू राहिली तर माणसे तेलावरून घसरत असल्यासारखी दिसतात. तीव्रता अर्थात शार्पनेसही कमी करा, कारण वाढवलेल्या तीव्रतेत आधी रवाच उठून दिसतो.

थोडा वाटा तबकडीचाही आहे, नाही असे नाही. अमेरिकी डीव्हीडीत चित्राच्या जेमतेम ४८० ओळी असतात आणि ज्या काचेच्या पेटीसाठी हे सारे घडवले गेले ती खोलीच्या कोपऱ्यात बसणारी, कडा मऊ करून दाखवणारी होती. तेच चित्र आज भिंतभर पसरले की रवा वेगळा मोजता येतो.

उरलेला मळकटपणा, धक्के आणि गोंगाट मात्र मुद्दाम केलेले आहेत, आणि माझ्या मते ही मालिका आजही जिवंत वाटते ती त्यांच्यामुळेच. १९७७ मध्ये अ‍ॅलन आणि सुझन रेमंड या दांपत्याचा ‘द पोलीस टेप्स’ हा माहितीपट आला होता. न्यूयॉर्कच्या ब्राँक्समधील ४४ व्या ठाण्यात, साध्या व्हिडिओ कॅमेऱ्यावर, हातात धरून केलेले ते चित्रण होते. स्टीव्हन बॉच्को आणि मायकेल कोझॉल यांनी ‘हिल स्ट्रीट’ उभी केली तेव्हा तो माहितीपट त्यांच्या डोळ्यांसमोर होता, आणि पहिल्या भागाचा दिग्दर्शक रॉबर्ट बटलर याने तोच विस्कळीतपणा फिल्मवर आणला. त्यापूर्वीची पोलीस मालिका आठवून पाहा: चारी बाजूंनी प्रकाश, चौकटीच्या मधोमध नायक, एका वेळी एकच माणूस बोलणार आणि तासाच्या शेवटी गुन्हेगार गजाआड. येथे कॅमेरा उशिरा पोहोचतो, चुकीच्या माणसाकडे वळतो आणि मग घाईने योग्य माणसाकडे येतो. प्रेक्षकाला सर्व काही नीट दिसावे अशी सोय करणे म्हणजे हे ठाणे शिस्तीचे आहे असे खोटे सांगणे झाले असते.

सकाळी सातच्या हजेरीचाच प्रसंग घ्या. सार्जंट एस्टरहाउस ‘बाब क्रमांक एक’ म्हणून यादी वाचायला लागतो; तो पदवीदान समारंभात शोभतील असे जड शब्द वापरतो आणि समोरचे शिपाई कॉफीचे पेले घेऊन एकमेकांना टोमणे मारत असतात. कॅमेरा त्यांच्यात एखाद्या उशिरा आलेल्या शिपायासारखा बसायला जागा शोधत फिरतो. त्या यादीतली एखादी क्षुल्लक बाब तीन भागांनी मोठी होऊन परत येते, म्हणून ऐकायचे असेल तर तेथे ऐका. बाकीच्या गोंगाटात प्रत्येक शब्द पकडण्याचा हट्ट सोडावा, हे उत्तम. दादर स्थानकाच्या पुलावर आपण प्रत्येकाचे बोलणे ऐकत नाही, तरी कोठे काय बिघडले आहे ते आपल्याला कळतेच.

जुनी पेटी

काळ्या पट्ट्या आणल्या, गुळगुळीतपणा बंद केला. चेहरे माणसांचे झाले. आवाजाबाबत तुमचे म्हणणे पटते, परंतु ठाण्याचा प्रमुख कॅप्टन फ्युरिलो मुळातच इतक्या हळू बोलतो की दर दहा मिनिटांनी मी मागे जाऊन ऐकतो.

मॅक्सवेल गल्ली

मागे जाऊ नका. फ्युरिलो हळू बोलतो ते समोरच्याला शांत व्हावे लागते म्हणून, आणि डॅनिएल ट्रॅव्हांटीचा सारा अभिनय त्या हळू आवाजावर उभा आहे.

मी १९८३ ते १९८५ या काळात शिकागोच्या इलिनॉय विद्यापीठात होतो. तेथे ही मालिका आमच्या घड्याळाने रात्री नऊला लागे. मालिकेतल्या शहराचे नाव कधीच सांगितले जात नाही आणि चित्रण बहुतांशी लॉस एंजेलिसमध्ये झाले. परंतु ठाण्याची जी इमारत बाहेरून दिसते ती शिकागोच्या मॅक्सवेल गल्लीतली खरीखुरी पोलीस चौकी, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बांधलेली. रविवारी त्या भागात आपल्या पुण्याच्या जुन्या बाजारासारखा बाजार भरे. वापरलेल्या गाड्यांची चाके, मोज्यांचे ढीग, तव्यावर परतलेल्या कांद्याचा वास, आणि कोपऱ्यावर कोणीतरी ध्वनिवर्धक लावून गिटार वाजवत असे. पुढे ती इमारत विद्यापीठाच्या पोलिसांकडे गेली. सांगण्याचा मुद्दा असा, की ज्यांनी ती वस्ती पाहिली त्यांना चित्र मळकट वाटलेच नाही.

आता तुमच्या भाच्याच्या सूचनेविषयी. शनिवार-रविवारात पर्व उरकणे मला अजिबात मान्य नाही. या मालिकेचा बहुतेक भाग म्हणजे एक दिवस: सकाळी हजेरीने उघडतो आणि रात्री बहुधा फ्युरिलो आणि सरकारी बचाव वकील जॉइस डेव्हनपोर्ट यांच्यापाशी मिटतो. दिवसा न्यायालयात आणि ठाण्यात ती दोघे एकमेकांवर तुटून पडतात, आणि त्यांचे खरे नाते काय ते पहिल्या भागाच्या अगदी शेवटी कळते. असे पाच दिवस ओळीने एका बैठकीत पाहिले तर ती रात्र रात्र राहत नाही, केवळ दोन हजेऱ्यांमधली फट होते. शिवाय आठ-दहा पात्रांचे धागे एका भागातून दुसऱ्या भागात जातात. मधले काही दिवस प्रेक्षकाने ते मनात घोळवावेत, थोडे विसरावेत, अशी लिहिणाऱ्यांची अपेक्षा असणारच. त्या काळी एनबीसीच्या अधिकाऱ्यांना हे अपुरे धागे इतके खटकले की प्रत्येक भागात निदान एक गोष्ट तरी संपवा असा त्यांनी आग्रह धरला. पहिले १७ भागांचे पर्व आणि त्यानंतरची पर्वे शेजारी ठेवली तर तो फरक जाणवतो. पहिल्या पर्वाला प्रेक्षक फारच थोडे होते; तरी १९८१ मध्ये त्याने अमेरिकी दूरचित्रवाणीची आठ एमी पारितोषिके नेली, म्हणून मालिका वाचली असे म्हणायला हरकत नाही.

माझी रीत सांगतो: आठवड्याला तीन भाग, तेही रात्री, आणि हजेरीपूर्वी फोन दुसऱ्या खोलीत. चौथ्या पर्वाशी पोहोचाल तेव्हा मात्र मुद्दाम थांबावे लागेल. एस्टरहाउसचे काम करणारा मायकेल कॉनरॅड १९८३ च्या नोव्हेंबरात कर्करोगाने गेला, आणि काही आठवड्यांनी पात्रालाही निरोप द्यावा लागला. त्याच्या जागी आलेला जॅब्लॉन्स्की हजेरी संपवताना ‘त्यांनी आपल्याला धरण्याआधी आपणच त्यांना धरू’ अशा अर्थाचे काही म्हणतो. तोवर वर्षानुवर्षे आपण ऐकलेले असते ते ‘आणि हो, बाहेर जरा जपून राहा’. एका वाक्याच्या बदलाने सगळी हजेरी दुसऱ्या ठाण्याची वाटू लागते. आम्ही वसतिगृहाच्या दिवाणखान्यात दहा-बारा जण होतो, त्या दिवशी कोणी चॅनेल बदलले नाही आणि कोणी हसलेही नाही.

सावकाश

वरील दोन्ही प्रतिसादांतला आदर मला समजतो. तरी नव्याने पाहणाऱ्याने डोळे झाकून नमस्कार करू नये. काही गोष्टी आज खरोखर टोचतात. हॉवर्ड हंटर हा शस्त्रप्रेमी अधिकारी विनोदासाठी आहे हे मान्य, पण त्याच्या तोंडचे वस्तीतल्या लोकांविषयीचे शेरे ऐकून हसायचे की नाही हे लेखकांनाच ठरवता आलेले नाही. टोळ्यांच्या म्होरक्यांशी फ्युरिलोच्या वाटाघाटी कधी राजकारणाच्या पातळीवर जातात आणि कधी निव्वळ प्रहसनाच्या. फ्युरिलोची घटस्फोटित पत्नी फे सुरुवातीच्या भागांत केवळ दार ढकलून ओरडत येण्यापुरती आहे. बार्बरा बॉसनने तिला हळूहळू माणूस केले.

याउलट गुप्त वेशातला बेल्कर पाहा. ब्रूस वाइट्झने साकारलेला हा मळकट कपड्यांतला माणूस गुन्हेगारांवर गुरगुरतो, प्रसंगी चावतो. बेड्या घातलेला आरोपी टेबलापाशी बसवून तो टंकयंत्रावर एका बोटाने नाव-गाव टिपत असतो, तेवढ्यात फोन वाजतो आणि तो एकदम लहान मुलाच्या आवाजात ‘हो आई, जेवलो आई’ सुरू करतो. आरोपी तोंड वर करून ऐकत राहतो. हा प्रसंग वारंवार येतो आणि तरीही शिळा होत नाही. १९८२ मध्ये सहायक अभिनेत्याच्या एमीची पाचही नामांकने याच मालिकेला का मिळाली, त्याचे उत्तर अशा जागी आहे.

एक भाग मात्र सर्वांनी एकटा पाहावा, मागेपुढे दुसरा न लावता: तिसऱ्या पर्वाचा पहिला. डेव्हिड मिल्चने या मालिकेसाठी लिहिलेला तो पहिलाच भाग. (कथानक आधी कळू नये असे वाटणाऱ्यांनी हा परिच्छेद सोडावा.) एका ख्रिस्ती जोगिणीवर (ननवर) अत्याचार होऊन तिचा खून होतो, संशयित सापडतात, पुरावा तोकडा असतो आणि ठाण्याबाहेर संतप्त जमाव उभा असतो. फ्युरिलो त्यांना मारत नाही. तो त्यांना सोडून देण्याची तयारी करतो, आणि दाराबाहेर काय आहे ते त्यांना ठाऊक असल्याने कबुलीजबाब मिळतो. डेव्हनपोर्ट संतापते, आणि शेवटी फ्युरिलो चर्चमध्ये पापनिवेदनाला बसतो. हा भाग १९८२ च्या सप्टेंबरात दाखवला गेला; त्याच वर्षी जानेवारीत मुंबईत वडाळ्याला मन्या सुर्वेची चकमक झाली होती आणि पुढची वीस वर्षे चकमकींवर आपल्याकडे पेढे वाटले गेले. कायद्याच्या चौकटीत राहून केलेली हिंसाही करणाऱ्याला झोपू देत नाही, हे एका करमणुकीच्या मालिकेने त्या वेळी दाखवले, म्हणून तिचे बाकीचे दोष मी सहन करतो.

शेवटच्या दोन पर्वांबद्दल थोडक्यात: पाचव्यानंतर बॉच्कोला बाजूला केले गेले. डेनिस फ्रँझचा बुंट्झ आवडला तर ती गोड लागतील, नाहीतर नाही.

जुनी पेटी

सर्वांचे आभार. काल रात्री पहिला भाग काळ्या पट्ट्यांसह, मागे न जाता, पुन्हा पाहिला. हिल आणि रेन्को या गस्तीवरच्या शिपायांची गाडी चोरीला जाते, ते फोन शोधत पडक्या इमारतीत शिरतात आणि त्यांच्यावर गोळ्या झाडल्या जातात, तो प्रसंग मला पूर्वी माहीतच नव्हता. १९८६ मध्ये मी ते दोघे गाडीत बसून वाद घालताना इतक्या वेळा पाहिले होते, की ते वाचणार हे मला ठाऊक होते. तरीही त्या दोघांना तेथे पडलेले पाहून मी खुर्चीच्या कडेवर आलो होतो. बहिणीला फोन करून सांगितले, तर पलीकडून भावोजींनीच फोन घेतला आणि विचारले, “रेन्को आधी मरणारच होता, माहीत आहे ना?” मुळात तसेच लिहिले होते आणि नंतर तो बेत बदलला, असे त्यांचे म्हणणे. दुसरा भाग परवा रात्री लावीन. भाच्याला अजून काही सांगितलेले नाही.