मिक्स एका स्पीकरवर ऐकला की पेटी गायब, अर्जंट मदत हवी आहे

मंद्रसप्तक:
गावच्या सप्ताहासाठी अभंग रेकॉर्ड केलाय, उद्या दुपारपर्यंत मंडळाला फाइल द्यायचीय, देवळाच्या कर्ण्यावर वाजणार आहे. हेडफोनवर झकास वाटतंय. मिक्स, म्हणजे सगळे आवाज एकत्र केलेलं गाणं, एका छोट्या स्पीकरवर तपासावा असं सगळे म्हणतात म्हणून घरातला एक जोडला तर पेटी गायबच, पलीकडच्या खोलीत कोणीतरी वाजवतंय असं वाटतं, आणि टाळ मात्र डोक्यात खणखणतायत. पेटी ६ डीबी वाढवली तर हेडफोनवर नुसती पेटीच. ईक्यू कुठे मारू, म्हणजे कुठला पट्टा कमी-जास्त करू? लवकर सांगा.

काळी_चार:
कुठला स्पीकर, कशाला जोडलाय, काहीच लिहिलं नाहीत. आम्ही काय पोपट घेऊन बसलोय का?

गाडीवान:
स्पीकर वगैरे सोडा हो. पेन ड्राइव्हवर घ्या आणि गाडीत ऐका. मी कायम हेच करतो, गाडी खोटं बोलत नाही.

मंद्रसप्तक:
माझ्याकडे बुलेट आहे.

कानसेन:
घरातला कुठलाही डबा घेऊन भागत नाही. १९७०-८० च्या दशकात स्टुडिओंत ऑराटोन ५सी नावाचा छोटा स्पीकर असायचा, एकच ड्रायव्हर (आवाज काढणारा कोन), जाड-बारीक आवाज वाटून देणारा क्रॉसओव्हर नाही, बंद खोकं. खाली बास नाही, वर चकाकी नाही, राहतं ते मधलं, म्हणजे गळा, पेटी, शब्द. तिथे बॅलन्स जमला की कुठेही जमतो. ब्लूटूथवाले आतल्या आत आवाज दाबतात आणि बास फुगवतात, त्यावर काय तपासणार?

गाडीवान:
मग यामाहा एनएस-१० का नाही, पांढऱ्या कोनवाला? १९७८ साली आला, स्टुडिओंत तोच दिसायचा.

कानसेन:
अहो त्याला उद्या दुपारी फाइल द्यायचीय, १९७८ साली नाही. (सुरुवात मीच केली, मान्य.)

सोल्डरमास्तर:
धागाकर्ते, स्पीकरची वायर इंटरफेसच्या (रेकॉर्डिंगचा आवाज कॉम्प्युटरमध्ये आत-बाहेर करणारा डबा) कुठल्या भोकात आहे? आणि टाळ डावीकडे पॅन केलेत का?

मंद्रसप्तक:
डाव्या आउटपुटला. एकच स्पीकर म्हटल्यावर एकाच भोकात लागणार ना. हो, टाळ डावीकडे, पेटी उजवीकडे. तुम्हाला कसं कळलं??

सोल्डरमास्तर:
मग पेटी गायब नाहीये, ती त्या स्पीकरपर्यंत पोचतच नाहीये. उजवीकडच्या पेटीचा फक्त रिव्हर्ब, म्हणजे घुमारा, डावीकडे सांडतोय, म्हणून ती पलीकडच्या खोलीत. तुम्ही मोनो, म्हणजे डावं-उजवं एकत्र केलेलं, ऐकत नाही आहात, अर्धा स्टिरिओ ऐकताय. मास्टरवर मोनो बटण किंवा तसलं प्लगइन टाका, मग स्पीकर कुठल्याही भोकात राहू दे. आणि ते ६ डीबी आधी परत काढा!!

मुकामपोस्ट:
एवढं कशाला, वाय केबल आणा, डावं-उजवं एकत्र होतं.

सोल्डरमास्तर:
नका करू. दोन आउटपुट थेट एकमेकांना जोडले की ते एकमेकांशीच भांडत बसतात. करायचंच तर प्रत्येक वायरीत रेझिस्टर घालून जोडा.

मुकामपोस्ट:
आमच्या मंडपात कायम तशीच लावतो, काही होत नाही.

काळी_चार:
मंडपात कोणाला कळतंय काही झालं तरी.

मंद्रसप्तक:
मोनो केलं, पेटी आली!! पण आता कोरस बारीक झाला, घागरीत तोंड घालून गातायत असा. पखवाजाची कणकेची बाजूही ऐकू येत नाही, वाढवू का?

काळी_चार:
कोरस खरंच दोनदा गायलात की कॉपी मारलीत?

मंद्रसप्तक:
कॉपी. १५ मिलिसेकंद उशिरा करून उजवीकडे टाकली, एका व्हिडिओत बघितलं होतं, रुंद होतं म्हणे.

काळी_चार:
तिथेच माती खाल्लीत. मोनोत तोच आवाज १५ मिलिसेकंद उशिराच्या स्वतःवरच येऊन बसतो, काही सूर कापले जातात, काही दुप्पट होतात. ३३, १००, १६७ हर्ट्झ असे खड्डे वरपर्यंत पडत जातात. ईक्यूने ते भरत नाहीत. कॉपी उडवा आणि परत गा, दोन गायनं कधीच तंतोतंत जुळत नाहीत म्हणून अशी कापली जात नाहीत. पखवाजाला हात लावू नका. त्या स्पीकरला खालचा धूम दाखवताच येत नाही, कर्ण्यालाही नाही येणार. वरचा थापेचा ठोका कळतोय ना, मग बास, खालचं हेडफोनवर बघा.

गाडीवान:
हे सगळं गाडीत पहिल्या फटक्यात कळलं असतं.

कानसेन:
नसतं. गाडीत चार बाजूंनी आवाज. दोन स्पीकरवर मोनो लावला तरी प्रत्येक कानाला दोन्हीकडचे आवाज किंचित मागेपुढे पोचतात आणि २ हजार हर्ट्झच्या आसपास गळ्याला खड्डा पडतो. एकावर तो घोळच नाही, म्हणून तर *एकच* स्पीकर.

चिवडाप्रेमी:
छान माहिती. आमच्या सोसायटीच्या हळदीकुंकवाला माइकसकट ट्रॉली स्पीकर घ्यायचाय, कुठला चांगला?

मंद्रसप्तक:
कोरसवाले झोपलेत, पहाटे काकड्यानंतर धरतो एकेकाला. टाळ मधे आणू का थोडे?

सोल्डरमास्तर:
आणा. आणि स्पीकरचा आवाज बोलण्याएवढाच ठेवा, मोठा केला की सगळंच चांगलं वाटायला लागतं.

मुकामपोस्ट:
वाय केबल चालते.