परभणी: खोलीतला कूलर आणि लोणार-औंढ्याची दोन दिवसांची चक्कर

नवा_विद्यार्थी
कृषी विद्यापीठात एम.एस्सी.ला आलोय, गेटजवळ खोली घेतली आहे. मार्च लागला तशी खोली तापायला लागली. जुना कूलर मिळाला, पण वारा दमट येतो आणि पाणी एकाच बाजूनं झिरपतं. दुसरं म्हणजे येत्या शनिवारी दोघं मिळून मोटारसायकलवर लोणार आणि औंढा नागनाथ करायचं म्हणतोय. रस्ता कसा घ्यावा?

बोरीकर
झरी, बोरी, जिंतूर, चारठाणा, मंठा, तळणी, लोणार. साधारण एकशे दहा किलोमीटर. पहाटे साडेपाचला निघा, म्हणजे दहाच्या आत पोचता. चारठाण्याला अर्धा तास ठेवा; यादवकालीन मंदिरं आणि उंच दगडी स्तंभ आहे, लोक उगाच सरळ पुढं जातात. येलदरीचा फाटा मात्र सोडा. धरण बघायचं तर पावसाळा सरताना, मार्चमध्ये नाही.

रविवारी लोणारहून जिंतूरला माघारी या, तिथून औंढा, मग परभणी. सगळं मिळून अडीचशेच्या वर जातं. गाडी पंचेचाळीसचं अ‍ॅव्हरेज देत असेल तर सहा लिटर पेट्रोल धरा. दोघं बसणार, तर मागच्या चाकात कंपनीनं दोघांसाठी सांगितलेली हवा भरा, तीही टायर थंड असताना. अवकाळी झाला तर डांबर सोडून शेतरस्त्याला घालू नका. काळी माती मडगार्डमध्ये अशी बसते की चाक फिरत नाही, काडीनं उकरत बसावं लागतं.

विवरप्रेमी
लोणारला आधी खाली उतरा, गावातलं नंतर. विवराचा व्यास सुमारे १.८ किलोमीटर, काठापासून तळ शंभर मीटरच्या बराच खाली. उतरताना काही वाटत नाही. दुपारी चढताना वारा नसतो आणि खडक तापलेला असतो. माणशी दोन लिटर पाणी घ्या, तळ्याचं पिण्याजोगं नाही. ते खारट आणि अल्कधर्मी आहे. काठचा चिखल वरून वाळल्यासारखा दिसतो, पाय दिला की घोट्यापर्यंत रुततो. पाणी वाढलेलं असेल तर तळ्याकाठच्या कमळजा देवीच्या मंदिराकडची वाट बुडते, तेव्हा वर काठावरच्या धारेजवळच (गोमुखाचा झरा) वनखात्याच्या माणसाला विचारून उतरा. २०२० च्या जूनमध्ये पाणी गुलाबी झालं होतं ते क्षारप्रिय सूक्ष्मजीवांमुळं. तो रंग बघायला म्हणून जाऊ नका.

गावातल्या दैत्यसूदन मंदिरात टॉर्च न्या. छतावरचं कोरीवकाम अंधारात आहे, मोबाइलचा उजेड पुरत नाही.

औंढ्याला सोमवार टाळताय ते बरं. गाभारा जमिनीखाली आहे, अरुंद पायऱ्या वाकून उतरायच्या, आत उकडतं. दर्शनापेक्षा बाहेरच्या भिंतीला वेळ द्या. खालचं दगडी कोरीवकाम जुनं, वरचा भाग नंतरचा. फरक लांबूनही कळतो.

टाकी_आणि_टुल्लू
कूलरचं सांगतो. तो खोलीत ठेवलाय ना? मग तीच दमट हवा फिरत राहणार. खिडकीत बाहेरच्या बाजूला बसवा आणि समोरची खिडकी चार बोटं उघडी ठेवा.

एका बाजूनं झिरपतं ते बोअरच्या जड पाण्यामुळं. पाणी उडून जातं, क्षार मागं राहतात आणि वरच्या पन्हळीची भोकं बुजतात. भोकं तारेनं मोकळी करा. टाकीत दहा लिटर पाण्याला पन्नास ग्रॅम लिंबूसत्व टाकून पंखा बंद ठेवा, नुसता पंप अर्धा तास चालवा, मग सगळं ओतून द्या. पुढं नुसती भर घालत राहू नका. आठवड्याला टाकी पूर्ण रिकामी करा, डासही होत नाहीत. गवताची जाळी काळी पडली असेल तर धुवत बसू नका, नवी घाला. आणि टाकीत हात घालण्याआधी प्लग काढा, स्विच बंद करून भागत नाही.

नवा_विद्यार्थी
पन्हळीचंच निघालं, चार भोकं पूर्ण बंद होती. मोटारसायकल नाही मिळाली तर एसटीनं जमेल का?

बोरीकर
जिंतूरपर्यंत काही अडचण नाही. पुढं मंठ्याला बदलावी लागेल. लोणारला उतरल्या उतरल्या मंठ्याकडची शेवटची गाडी किती वाजता ते स्टँडवरच विचारा, मग विवराकडं वळा. चारठाणा आणि औंढा दोन्ही एसटीनं एकाच फेरीत बसवायला जाऊ नका, एक सोडा. मी चारठाणा सोडीन. औंढ्याहून परभणी जवळ आहे.