टॅरँटुलाचे पिल्लू अचानक खाणे बंद करते, तेव्हा काय समजावे?

रेडिंगकर :

नमस्कार. आम्ही इंग्लंडमध्ये राहतो आणि माझ्या मुलीकडे मार्च महिन्यापासून टॅरँटुलाचे, म्हणजे मोठ्या केसाळ कोळ्याचे, एक पिल्लू आहे. येथे 'कर्ली हेअर' या नावाने विकली जाणारी, त्लिल्तोकात्ल अल्बोपिलोसस या शास्त्रीय नावाची ही जात आहे. पाय पसरून बसले, तर पिल्लाचा विस्तार जेमतेम दोन सेंटीमीटर भरतो. झाकणाला बारीक भोके पाडलेल्या पारदर्शक डबीत ओलसर कोकोपीट भरून आम्ही त्याला ठेवले आहे आणि त्यात त्याने डबीच्या कडेने तळापर्यंत जाणारे बीळ केले आहे.

सुरुवातीचे काही महिने ते उत्तम खात होते. रातकिड्याचा तुकडा संध्याकाळी बिळाच्या तोंडाशी ठेवला की सकाळपर्यंत त्याची काळपट गोळी तेवढी उरलेली असे. गेले काही आठवडे मात्र ते अन्नाला स्पर्शही करत नाही. शेवटचा तुकडा ठेवला, तेव्हा ते पुढच्या पायांनी तो ढकलून मागे सरकले आणि त्यानंतर त्याने माती व जाळे एकत्र करून बिळाचे तोंड आतून बंद केले. डबीच्या भिंतीतून पाहिले असता त्याचे पोट चांगले फुगलेले, गडद आणि चकचकीत दिसते.

मुलगी अतिशय काळजीत आहे. बीळ उकरून पिल्लू जिवंत आहे का ते पाहावे काय, असे ती रोज विचारते. दुकानदाराने सांगितले होते की पिल्लांना जिवंत भक्ष्यच द्यावे, नाहीतर ती शिकार करायला शिकत नाहीत. इतरत्र मात्र मेलेले भक्ष्य द्यावे असे वाचले. खाणे थांबवणे हे आजाराचे लक्षण आहे का, आणि एवढ्या लहान पिल्लाला नेमके काय आणि किती दिवसांनी द्यावे, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

अष्टपाद :

नमस्कार. आपण लिहिलेले वर्णन वाचून मला काळजीचे कारण दिसत नाही. फुगलेले, गडद, चकाकणारे पोट, अन्न ढकलून देणे आणि आतून बंद केलेले बीळ या तिन्ही गोष्टी एकत्र दिसल्या, तर पिल्लू कात टाकण्याच्या तयारीत आहे असेच समजावे. बीळ कृपया उकरू नका. ही एक विनंती मी सर्वांत आधी करतो, कारण कात टाकत असताना किंवा टाकून झाल्यावर लगेच पिल्लाचे अंग इतके मऊ असते की ढासळलेल्या मातीनेही त्याला इजा होऊ शकते.

खाणे का थांबते, हे मुलीला समजावून सांगितले तर तिची काळजी बरीच कमी होईल. कोळ्याच्या अंगावरचे कठीण आवरण वाढत नाही, म्हणून जुन्या आवरणाखाली नवे तयार करून जुने टाकून द्यावे लागते. या वेळी केवळ पायांवरची आणि पाठीवरची कात निघते असे नाही. विषदंत, तोंडाचे भाग आणि अन्न आत ओढून घेणाऱ्या जठराचे आतले अस्तरसुद्धा जुन्या कातेबरोबर बाहेर पडते. ज्या अवयवांनी खायचे तेच बदलत असताना प्राणी खाणार कसा? पोटाचा रंग गडद दिसतो, तोही खालच्या नव्या आवरणामुळे आणि त्यावर उगवलेल्या नव्या केसांमुळे.

या काळात डबीत जिवंत रातकिडा सोडणे मात्र खरोखर धोक्याचे आहे. रातकिडे उपाशी राहिले की समोर येईल ते कुरतडतात आणि उताणा पडून कात टाकणारा कोळी स्वतःचे रक्षण करू शकत नाही. हो, टॅरँटुला बहुधा उताणा पडून कात टाकतो. एखादे दिवशी तो तसा दिसला, तर मेला असे समजून त्याला सरळ करायला जाऊ नये. खाल्ले न गेलेले कोणतेही भक्ष्य दुसऱ्या दिवशी बाहेर काढावे. मेलेल्या तुकड्यावर बुरशी धरते आणि सूक्ष्म माइट जमतात, त्यामुळे हा नियम दोन्ही प्रकारच्या अन्नाला लागू आहे.

अन्न बंद असले, तरी पाणी बंद करू नये. डबीचा एक कोपरा ड्रॉपरने ओला ठेवावा आणि आतल्या भिंतीवर एकदोन थेंब पडू द्यावेत. एवढी लहान पिल्ले थेंबातले किंवा जाळ्यावर साचलेले पाणी पितात. माझ्या अनुभवात, नीट खाल्लेली पिल्ले उपासाने क्वचितच दगावतात. दगावतात ती बहुतेक कोरडेपणामुळे. कात सुटताना शरीरात पुरेसा ओलावा नसेल, तर पाय जुन्या कातेत अडकून राहतात.

एवढ्या आकाराच्या पिल्लाला खात असताना आठवड्यातून दोनदा अन्न द्यायला हरकत नाही.

घाटवाट :

मी पुण्यात प्राणिशास्त्र शिकवते. घरी कोळी पाळत नाही, परंतु पश्चिम घाटात बिळे करून राहणाऱ्या मोठ्या कोळ्यांचे निरीक्षण विद्यार्थ्यांसह बरीच वर्षे करत आले आहे. म्हणून जिवंत की मेलेले, या प्रश्नापुरते सविस्तर लिहिते.

शिकार करणे ही कोळ्याने शिकण्याची गोष्ट नाही. अंडकोशातून बाहेर पडलेली पिल्ले सुरुवातीला काहीच खात नाहीत. पोटात शिल्लक असलेल्या अंड्यातल्या बलकावर ती जगतात आणि एखादी कात टाकून झाल्यावर, तोंडाचे अवयव पुरेसे तयार झाले की खायला लागतात. अनेक जातींत या काळात ती आईच्याच बिळात असतात. पुढे ती पांगतात, तेव्हा त्यांना भक्ष्य पकडण्याचे सर्व तंत्र जन्मतःच येत असते, त्यामुळे मेलेले अन्न दिल्याने ते विसरले जाईल ही भीती निराधार आहे. पिल्लू मोठे झाल्यावर त्याच्यापुढे जिवंत कीटक सोडून पाहा. ते क्षणाचाही विलंब लावणार नाही.

टॅरँटुलाला आठ डोळे असले, तरी त्याची दृष्टी फार अधू असते. त्याला जग कळते ते पायांवरच्या अतिसूक्ष्म, लांब केसांमुळे. हवेची हालचाल आणि जमिनीतली थरथर हे केस टिपतात, म्हणून बिळाच्या तोंडाशी पसरलेल्या जाळ्याच्या धाग्यांवर पाय ठेवून तो बसतो. पायांच्या आणि तोंडाजवळच्या स्पर्शपादांच्या टोकांवर चव घेणारे केसही असतात, त्यामुळे न हलणाऱ्या तुकड्याला पाय लागला की हे खाण्याजोगे आहे हे त्याला उमगते. लहान पिल्ले मेलेल्या कीटकाचा तुकडा सहज स्वीकारतात, त्याचे कारण हेच आहे. शिकार करताना त्यांच्यापेक्षा मोठ्या किड्याशी झुंजण्याचा धोकाही टळतो.

आपल्याला जी काळपट गोळी सापडते, तिच्याविषयीही मुलीला सांगा. कोळी घास गिळत नाही. तो भक्ष्यावर पाचक रस सोडतो, जबड्यांनी ते मळतो आणि द्रवरूप झालेले अन्न तोंडाभोवतीच्या केसांतून गाळून शोषून घेतो. पंख, पाय आणि कवचाचा जो न पचणारा चोथा उरतो त्याची ती गोळी असते. कापलेला तुकडा म्हणूनच चालतो. उलट, कवच उघडे पडलेले असल्याने अगदी बारीक पिल्लालाही त्यातला मऊ भाग लगेच मिळतो.

एक गोष्ट येथे वाचणाऱ्या भारतातल्या मुलांसाठी. हे वाचून सुट्टीत घाटातल्या एखाद्या बांधावरचे बीळ उकरून कोळी घरी आणू नये. झाडांवर राहणाऱ्या आपल्या पोइसिलोथेरिया या संपूर्ण प्रजातीचा समावेश २०१९ साली साइटिसच्या, म्हणजे संकटग्रस्त वन्यजीवांच्या व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या आंतरराष्ट्रीय कराराच्या, दुसऱ्या परिशिष्टात झाला, कारण पाळणाऱ्यांच्या बाजारासाठी होणारी पकड हे तिच्यापुढचे एक संकट आहे. रात्री टॉर्च घेऊन, बिळाला हात न लावता पाहिले तरी त्यांचे खाणे फार जवळून पाहता येते.

हडसनकाठ :

वरच्या दोन्ही उत्तरांशी मी सहमत आहे, मात्र आठवड्यातून दोनदा अन्न द्यावे या सल्ल्याशी नाही. मी न्यू जर्सीत राहतो आणि माझ्याकडे वेगवेगळ्या जातींची पिल्ले आहेत. दिनदर्शिका पाहून खायला देण्याची सवय लागली की माणूस कोळ्याकडे पाहायचे विसरतो, असे माझे मत आहे. पाहायचे ते पोट. पाठीवरच्या कठीण कवचाच्या तुलनेत पोट लहान आणि आक्रसलेले असेल, तर दोन-तीन दिवसांनी पुन्हा द्यावे. ते कवचाहून थोडे मोठे झाले असेल, तर आठवडाभर थांबावे. दीडपट झाले असेल, तर पिल्लू खायला तयार असले तरी देऊ नये. फुगलेल्या पोटाची कातडी पातळ होते आणि तसे पोट घेऊन ते डबीच्या भिंतीवरून पडले, तर पोट फुटून पिल्लू दगावू शकते. ते मातीला घासत चालले, तरी इजा होते.

भक्ष्याचा आकारही पोटावरूनच ठरवावा. जिवंत द्यायचे असेल, तर पिल्लाच्या पोटाहून मोठे नको. दोन सेंटीमीटरच्या पिल्लाला न उडणाऱ्या फळमाश्या चालतात. त्यांतली ड्रोसोफिला हायडेई ही जात साधारण तीन मिलिमीटरची असते आणि इंग्लंडमध्येही दुकानांत सहज मिळते. रातकिड्यांची किंवा 'रेड रनर' झुरळांची अगदी नुकती निघालेली पिल्लेही उत्तम. मीलवर्म (एका भुंग्याची अळी) द्यायचा झाल्यास त्याचे डोके चिमट्याने चेचून मगच द्यावे, नाहीतर तो मातीत शिरतो आणि पुढे बिळातल्या पिल्लापर्यंत पोहोचू शकतो. बागेत पकडलेले किडे मात्र कधीही देऊ नयेत, कारण त्यांच्या अंगावर कीटकनाशक आहे की नाही हे आपल्याला कळण्याचा मार्ग नाही.

जातीजातींत मोठा फरक असतो, तोही ध्यानात ठेवावा. मार्टिनिक बेटावरची कॅरिबेना व्हर्सिकलर झाडावर राहणारी असल्याने तिच्या पिल्लासाठी तुकडा जमिनीवर न ठेवता वरच्या जाळ्यात अडकवून ठेवावा लागतो. ग्रामोस्टोला प्रजातीची पिल्ले फार सावकाश वाढतात आणि कात टाकण्याआधी ती दीर्घ काळ उपाशी राहतात. ज्यांच्या घरी पहिलाच कोळी या प्रजातीचा असतो, त्यांची उगीचच फार घालमेल होते. आपली कर्ली हेअर त्या मानाने खादाड आणि भराभर वाढणारी आहे.

खोली फार थंड असेल, तर सगळेच मंदावते. कोळ्याच्या शरीराचे तापमान भोवतालावर अवलंबून असते, म्हणून थंडीत भूक कमी होते आणि दोन काती टाकण्यामधला काळ लांबतो. माणसाला स्वेटरशिवाय बरे वाटेल इतकी खोली उबदार असली, म्हणजे पुरते.

रेडिंगकर :

आपणा सर्वांचे मनापासून आभार. मुलीला तिन्ही उत्तरे वाचून दाखवली आणि बीळ उकरण्याचा विषय आता बंद झाला आहे. आमच्याकडे आता हीटिंग सुरू झाले असून खोलीतली हवा कोरडी होते. डबीखाली ठेवण्याची उष्णतेची गादी दुकानात मिळते. ती घ्यावी का? आणि पिल्लू बाहेर आल्यावर लगेच अन्न द्यायचे, की थांबायचे?

अष्टपाद :

गादी घेऊ नका. जमिनीत राहणारा कोळी उन्हापासून वाचण्यासाठी खाली जातो. डबीच्या तळालाच उष्णता दिली, तर तो जितका खाली जाईल तितका अधिक तापेल आणि त्याच वेळी माती कोरडी पडेल. २० ते २५ अंश सेल्सिअसच्या आसपासचे आपल्या खोलीचे तापमान या जातीला पुरेसे आहे. हीटिंगमुळे डबी लवकर सुकत असेल, तर ती रेडिएटरपासून दूर ठेवावी आणि कोपरा अधिक वेळा ओला करावा. सगळी माती मात्र चिखलासारखी भिजवू नये.

हडसनकाठ यांचे पोट पाहून देण्याचे म्हणणे मला पटते आणि पुढे तेच पाळावे, असे मीही सुचवतो.

कात टाकल्यावर लगेच अन्न देऊ नका. नव्या कातेतले विषदंत सुरुवातीला पांढरे आणि मऊ असतात, मग तांबूस होतात आणि शेवटी काळे पडतात. ते काळे झाल्यावरच कठीण भक्ष्यात शिरू शकतात. आपल्या पिल्लाच्या आकाराला यासाठी सुमारे आठवडाभर लागावा. पूर्ण वाढलेल्या टॅरँटुलाला दोन आठवडे किंवा त्याहून अधिक थांबावे लागते. दंत दिसले नाहीत, तरी पिल्लू आपणहून बीळ उघडून संध्याकाळी तोंडाशी येऊन बसू लागले की रातकिड्याचा लहान मऊ तुकडा ठेवून पाहावा. घेतला नाही, तर सकाळी काढावा आणि तीन-चार दिवसांनी पुन्हा ठेवावा.

लक्ष ठेवायचे ते वेगळ्या चिन्हांवर. पोट सुरकुतलेले आणि लहान होत चालले असेल, किंवा पिल्लू सरळ उभे असताना पाय अंगाखाली आत वळू लागले असतील, तर ते पाण्याअभावी असण्याची शक्यता मोठी आहे, कारण कोळी पाय लांब करतो तो स्नायूंनी नव्हे, तर शरीरातल्या द्रवाच्या दाबाने. अशा वेळी अन्नाचा विचार बाजूला ठेवून आधी ओलावा द्यावा, पिल्लाच्या तोंडाजवळ पाण्याचा थेंब ठेवावा आणि शक्य असल्यास अपृष्ठवंशीय प्राण्यांची माहिती असलेल्या पशुवैद्याला विचारावे. आपण वर्णन केलेल्या पिल्लात यातले एकही चिन्ह नाही. कात सापडली, तर ती ओली असतानाच हलक्या हाताने पसरून ठेवा; पुढे पिल्लू मोठे झाले की अशाच कातेवरून ते नर आहे की मादी हे भिंगाखाली ओळखता येते, आणि नर लवकर प्रौढ होऊन पुढे खाणे कमी करतात, त्यामुळे ते आधी माहीत असणे उपयोगाचे ठरते.